नववी संपली, नीटसाठी (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आत्ताच फाउंडेशन क्लास लावायचा का?

हडपसर_दहावी_अ

नमस्कार, आईच्या मोबाईलवरून लिहितेय, आई शेजारीच बसलीय. माझी नववी आत्ता संपली, जूनमध्ये दहावी, स्टेट बोर्ड सेमी इंग्लिश. मला एमबीबीएस करायचंय. फातिमानगरच्या पुढे बसमधून एएफएमसी या सैन्याच्या मेडिकल कॉलेजची पाटी दिसते तेव्हापासून डोक्यात आहे, पण तिथे किंवा बीजेला (ससून हॉस्पिटलचं सरकारी मेडिकल कॉलेज) नक्की कसं जातात हे घरात कोणालाच माहीत नाही. बाबांचं रामटेकडीला छोटं वर्कशॉप आहे, आई शिवणकाम करते, आमच्यात अजून कोणी डॉक्टर झालेलं नाही.

तर झालं असं की शाळेत एका क्लासवाल्यांनी टेस्ट घेतली, मला म्हणे ८० टक्के स्कॉलरशिप मिळाली, मग आईबाबांना बोलावून घेतलं आणि दहावी अकरावी बारावी असं तीन वर्षांचं पॅकेज सांगितलं. स्कॉलरशिप वजा करूनही फी लाखाच्या वरच, आणि आठ दिवसात भरली तरच. वर म्हणाले तुम्ही आधीच उशीर केलाय, बाकीची मुलं आठवीपासून करतायत. माझी चुलत बहीण खरंच आठवीपासून फाउंडेशनला आहे आणि ती अकरावीची गणितं सोडवते असं काकू सांगतात, ते ऐकलं की मला पोटात गोळाच येतो.

मग विचारायचं एवढंच की फाउंडेशन खरंच लागतं का, अकरावीची एनसीईआरटीची, म्हणजे सीबीएसईची, पुस्तकं आत्ताच घेऊन वाचायची का, स्टेट बोर्ड सोडून सीबीएसईला जावं का, आणि अकरावीला मॅथ्स ठेवायचं की सोडायचं. आणि यूट्यूबवर बघितलं की डॉक्टर व्हायचं तर शाळेत असतानाच हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटिअरिंग करायचं असतं, ते पुण्यात कुठे करतात? शुद्धलेखन समजून घ्या.

---

पेठेतला_एक

उशीर झालाच आहे. खरं तर बालवाडीतच उत्तरांच्या ओएमआर शीटवरचे गोल रंगवायला द्यायला हवे होते, हात बसला असता.

(थट्टा क्लासवाल्यांची आहे, तुझी नाही. खालचे लोक नीट सांगतील.)

---

बीजे_सेकंड_इयर

हाय! मी बीजेला सेकंड इयरला आहे, मी पण स्टेट बोर्ड सेमी, पुणे जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावची. आमच्या बॅचला फाउंडेशनवाले आहेत तसे ज्यांनी अकरावीच्या आधी नीट हा शब्दच ऐकला नव्हता असेही भरपूर आहेत, आणि डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मलिनने डोळे सगळ्यांचे सारखेच चुरचुरतात.

आधी परीक्षा काय आहे ते समजून घे म्हणजे भीती अर्धी जाईल. नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क, तीन तास. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायो ९०. बरोबरला ४, चुकीला १ कट. सिलॅबस सगळा अकरावी बारावीचा. नववी दहावीचं थेट काही विचारत नाहीत, पण दहावी कच्ची असेल तर अकरावीत पहिल्या महिन्यातच गाडी अडते.

तुझं दहावीचं विज्ञान भाग २ काढून बघ. ग्लायकोलिसिस, क्रेब चक्र, मायटोसिस, मिऑसिस, आनुवंशिकता, प्राण्यांचं वर्गीकरण, हे सगळं त्यात आहे. हेच पुढे अकरावी बारावीत मोठं होऊन येतं. भाग १ मधलं आवर्ती वर्गीकरण आणि कार्बनी संयुगं म्हणजे केमिस्ट्रीचा पाया. आणि नववीतला मोलचा धडा (द्रव्याचं मोजमाप), जो आमच्याकडे बाईंनी दोन तासात उरकला होता, तो या सुट्टीत परत कर, कारण अकरावीची केमिस्ट्री तिथूनच सुरू होते आणि सगळ्यात जास्त मुलं तिथेच रडतात. हेच तुझं फाउंडेशन, घरात आहे, फुकट आहे.

एनसीईआरटी आत्ता वाचू नकोस असं नाही, बायोचा एखादा चॅप्टर गोष्टीसारखा चाळ, मजा येते. पाठ करत बसू नकोस. लाइन बाय लाइन वगैरे जे म्हणतात ते अकरावी बारावीचं काम.

सीबीएसईला जायची गरज नाही. पण एक आधीच माहीत असू दे, स्टेट बोर्डात अकरावी बारावीचा क्रम एनसीईआरटीपेक्षा वेगळा आहे. म्हणजे सर्क्युलेशन, कंट्रोल अँड कोऑर्डिनेशन, रोटेशन, थर्मोडायनॅमिक्स हे एनसीईआरटीत अकरावीला आणि आपल्याकडे बारावीला. इलेक्ट्रोस्टॅटिक्स उलट, एनसीईआरटीत बारावीला आणि आपल्याकडे अकरावीलाच सुरू होतं. नीट शेवटी दोन्ही वर्षांची मिळूनच असते त्यामुळे बिघडत काही नाही, पण कॉलेजात एक चाललंय आणि क्लासमध्ये दुसरंच असं होतं तेव्हा घाबरायचं नाही.

आणि इंग्रजी. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो, पण अकरावी बारावीचं सायन्स इंग्रजीतच शिकवतात आणि भाषांतरात काही गडबड वाटली तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. तू सेमीवाली आहेस म्हणजे शब्द माहीत आहेत, फक्त सलग पानं वाचायची सवय लाव.

---

निवृत्त_मास्तर_कोथरूड

बाळा, मी ज्युनिअर कॉलेजला बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं म्हणून फक्त त्याबद्दल बोलतो. डॉक्टर होणाऱ्या मुलांना बायो आवडतं, ते वाचतात, आणि मेरिट ठरतं ते फिजिक्सवर. २०२५ चा फिजिक्सचा पेपर बघ म्हणजे कळेल, त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्याला ७२० पैकी ६८६ होते, आणि आदल्याच वर्षी २०२४ ला आधी ६७ जणांना पैकीच्या पैकी जाहीर झाले, मग सुधारित निकालात ते १७ राहिले. त्यामुळे अमुक दादाला एवढे मार्क होते म्हणून मला एवढे हवेत असं काही भिंतीवर लिहून ठेवू नकोस, पेपरप्रमाणे आकडे हलतात, रँक बघायची असते.

आता फिजिक्स का अडतं तर फिजिक्समुळे अडतच नाही, गणितामुळे अडतं. अकरावीत पहिल्या पंधरवड्यात व्हेक्टर येतात आणि मुलाला साइन ३० किती हे वही उघडून बघावं लागतं, मग तो सर काय सांगतायत ते ऐकणार कधी. नीटला कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल नाही, तीन तासात १८० प्रश्न म्हणजे सरासरी मिनिटाला एक, आणि ३.१४ गुणिले ०.०२ चा वर्ग हे रफ पेजवर हातानेच करायचं. म्हणून या वर्षी भूमितीतली त्रिकोणमिती, समरूपता, बीजगणितातली वर्गसमीकरणं इतकी करून घे की झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. दहाचे घात, दशांश चिन्ह, एककं बदलणं, रोज दहा मिनिटं, मोबाईल लांब ठेवून. भिंगाच्या धड्यातला चिन्ह संकेत मुलं पाठ करतात आणि दोन महिन्यात विसरतात, तो प्रत्येक वेळी आकृती काढूनच वापर, नीटमध्ये तोच संकेत आहे.

तुझी चुलत बहीण अकरावीची गणितं सोडवते म्हणजे सूत्रात आकडे भरत असणार, आठवी नववीत डेरिव्हेटिव्ह समजणं फार थोड्यांना जमतं. तिचं तिला करू दे.

मॅथ्स सोडू नकोस असं माझं मत.

---

बीजे_सेकंड_इयर

सर, मॅथ्सवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. मी मॅथ्स सोडून पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) घेतलं होतं आणि मला ते बरंच पडलं, बारावीला बोर्डाच्या मॅथ्सला जो वेळ जातो तो सगळा बायोला मिळाला. नीटला लागतं तेवढं डिफरन्सिएशन इंटिग्रेशन क्लासमध्ये सुरुवातीला करून घेतात.

---

निवृत्त_मास्तर_कोथरूड

तुझं जमलं कारण तुझी दहावी पक्की असणार. ज्याचं पक्कं नाही तो मॅथ्स सोडतो आणि मग फिजिक्सपण हळूहळू सुटतं, असे वर्गात कितीतरी पाहिले. शिवाय सतराव्या वर्षी मन बदललं तर इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं. पण ठीक आहे, हा निर्णय दहावीच्या निकालानंतर घ्यायचा, आज नाही.

---

सिंहगड_रोड_पालक

हे तुझ्या आईबाबांसाठी लिहितोय, त्यांना दाखव. माझा मुलगा यातून नुकताच गेला, प्रायव्हेटला लागलाय.

ताई, पहिली गोष्ट ती आठ दिवसांची मुदत. ती मुदत दर आठ दिवसांनी येते. स्कॉलरशिप टेस्टही तशीच, मुळात फी फुगवून छापायची आणि मग ८० टक्के कमी केली म्हणायचं, आमच्या सोसायटीत ज्याने ज्याने टेस्ट दिली त्याला त्याला स्कॉलरशिप मिळाली होती. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात स्पष्ट म्हटलंय की १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यावं, रँकची हमी देऊ नये आणि मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत करावी. आता या सूचनाच आहेत, अंमलबजावणी राज्यांवर सोडलीय, म्हणून गल्लोगल्ली फाउंडेशन चालूच आहे. पण तुम्ही काउंटरवर बसलेल्याला एवढंच विचारा की मध्येच सोडलं तर पैसे कसे परत देणार ते लेखी द्या. चेहरा बघा. आणि तीन वर्षांचे पैसे एकदम कोणालाही देऊ नका, शिकवणारे सर वर्षभरात क्लास बदलून जातात आणि पोरं मागे राहतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि ती कुठलाच क्लासवाला नीट सांगत नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, फक्त १५ टक्के ऑल इंडियातून. राज्याच्या कोट्यासाठी डोमिसाईल (महाराष्ट्राचा रहिवासी दाखला) तर लागतंच, पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा कॉलेजमधून पास व्हावी लागते (सरकारी नोकरीत बदली झालेल्यांच्या मुलांना दहावीबाबत काही सवलती आहेत, तुम्हाला त्यांचा संबंध नाही). मुलं राजस्थानातल्या कोटा शहरात नाहीतर हैदराबादला जातात आणि तिथे बारावीचा फॉर्मही तिकडूनच भरतात, त्यांच्या या ८५ टक्के जागा हातच्या जातात. लातूर नांदेडला गेलात तर काही प्रश्न नाही. त्यामुळे कोणी बाहेरच्या राज्यात ‘हॉस्टेलसकट’ पॅकेज सांगितलं तर बारावी कुठून होणार हे आधी विचारा.

तिसरं म्हणजे कागद. तुम्ही राखीव प्रवर्गात येत असाल तर जात दाखला आत्ताच काढा. अकरावी सायन्सला गेली की कॉलेजमार्फत जात पडताळणीचा अर्ज टाका, बारावीच्या निकालापर्यंत थांबू नका, तेव्हा समितीच्या ऑफिसात जत्रा असते. चुलत्यांपैकी, सख्ख्या नात्यात कोणाची व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) झाली असेल तर तिची कॉपी मागून ठेवा, खूप सोपं जातं. नॉन क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस हे नंतरचे कागद. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींसाठी घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, तेही लक्षात असू दे, म्हणून उत्पन्नाचे दाखले दरवर्षी व्यवस्थित ठेवा. डीम्डला (खासगी अभिमत विद्यापीठांच्या कॉलेजांना) ही माफी नाही. पुण्यातल्या काही डीम्ड कॉलेजांची फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे आहे, सरकारीची त्याच्या पासंगालाही नाही. सगळी मारामारी सरकारी सीटसाठी का असते ते यावरून कळेल.

आत्ता क्लासला द्यायचे ते पैसे बँकेत ठेवा, अकरावीला लागतील.

---

हडपसर_दहावी_अ

सगळ्यांना खूप थँक्यू. बाबांनी पण वाचलं, ते म्हणाले त्या क्लासवाल्याला परत फोन करून लेखी विचारतो, आईला वाटतं ते भांडतील.

सर, मोलचा धडा आणि त्रिकोणमिती दोन्ही मला येत नाही खरं तर, म्हणजे उदाहरण बघून येतं, पुस्तक बंद केलं की नाही. आमच्या शाळेच्या व्हेकेशन बॅचमध्ये दहावीचंच शिकवतायत, मग नववीचं कधी करू?

आणि अकरावीला इंटिग्रेटेड कॉलेज चांगलं की साधं कॉलेज घेऊन वेगळा क्लास? मैत्रीण म्हणते इंटिग्रेटेडमध्ये कॉलेजला जावंच लागत नाही.

---

निवृत्त_मास्तर_कोथरूड

उदाहरण बघून येणं म्हणजे येत नाही हे तुला कळलं, हेच मोठं आहे, निम्म्या मुलांना ते बारावीपर्यंत कळत नाही. व्हेकेशन बॅच सकाळी असेल ना, मग दुपारी तास दीड तास नववीचं. उदाहरण वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर सोडव, अडलं तिथपर्यंतच लिही आणि मग उघडून बघ. एका दिवसात चार गणितं झाली तरी पुष्कळ. घाईघाईने चाळीस उतरवून काढू नकोस.

---

सिंहगड_रोड_पालक

इंटिग्रेटेडचं सांगतो. कॉलेज आणि क्लासचा टायअप असतो, प्रवेश कॉलेजच्या नावावर, शिकवणार क्लासवाले, सकाळी आठ ते संध्याकाळ एकाच इमारतीत. प्रवास वाचतो हा मोठा फायदा, हडपसरहून पेठेतल्या कॉलेजला आणि तिथून टिळक रोडला क्लासला जायचं म्हणजे पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन अडीच तास गेलेच. तोटा असा की प्रॅक्टिकल बऱ्याच ठिकाणी कागदावर होतात. बोर्डात फिजिक्स केमिस्ट्री बायो तिन्हीला ३०-३० मार्कांची प्रॅक्टिकल आहे, आणि कॉलेजला जावंच लागत नाही हे जे मैत्रीण म्हणतेय ते कायद्यात बसत नाही, हजेरीवरून अडवलं की फॉर्म भरताना धावपळ मुलांची होते. बारावीला पीसीबी मिळून ओपनला ५० टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतातच, नीट कितीही चांगली गेली तरी.

माझ्या मते तुमच्या घराजवळ हडपसर भागातलंच बरं कॉलेज बघा जिथे लॅब चालू आहे, आणि क्लास जवळचा, लहान बॅचचा. इंटिग्रेटेडवाल्यांकडे गेलातच तर पोस्टरवरचे फोटो बघू नका, तुमच्या शाखेतल्या, शेवटच्या बॅचमधल्या मुलांना गेटबाहेर गाठून विचारा. फोटोतला एकच मुलगा तीन क्लासच्या पोस्टरवर असतो.

---

बीजे_सेकंड_इयर

क्लासची फी खरंच जड जात असेल तर अजून दोन गोष्टी. तुम्ही ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसीमध्ये असाल तर राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेकडून दहावीनंतर नीटसाठी ऑनलाइन कोचिंग मिळतं, टॅब पण देतात, जाहिरात आली की दहावीच्या मार्कांवर निवड होते. आणि बीजेच्याच विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट आहे, परिस्थिती नसलेल्या मुलांना मेडिकलचेच विद्यार्थी शिकवतात. दोन्हीची चौकशी दहावीची परीक्षा झाली की लगेच कर, निकालाची वाट बघू नकोस.

---

धायरी_जीपी

तुझा व्हॉलंटिअरिंगचा प्रश्न सगळ्यांनी सोडून दिला म्हणून लिहितोय. ते तू बघितलेले व्हिडिओ अमेरिकेतले असणार. तिकडे मेडिकलला जाताना निबंध, मुलाखत, हॉस्पिटलमधले तास असं सगळं बघतात. आपल्याकडे एमबीबीएसला फक्त नीटची रँक, तू कुठे काय सेवा केलीस ते फॉर्ममध्ये विचारतही नाहीत. त्यामुळे पैसे घेऊन ‘मेडिकल इंटर्नशिप’चं सर्टिफिकेट देणारा कोणी भेटला तर लांब राहा. अपवाद एकच, तुझी एएफएमसी. तिथे नीटनंतर बोलावणं आलं तर इंग्रजी आणि लॉजिकची वेगळी परीक्षा असते, मुलाखत असते, कडक मेडिकल तपासणी असते, आणि पास झाल्यावर सैन्यात नोकरी करावी लागते. म्हणजे इंग्रजी आणि तब्येत दोन्हीकडे आत्तापासून लक्ष दे, हे बाकी कुठे गेलीस तरी वाया जात नाही.

पण मार्क नाहीत म्हणून बघूच नये असं नाही. पंधराव्या वर्षी कोणी तुला ऑपरेशन थिएटरमध्ये घेणार नाही, घेऊही नये. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचार, संध्याकाळच्या ओपीडीत कंपाउंडरजवळ दोन तास बसू द्या म्हणावं. पेशंटची खासगी गोष्ट कानावर आली तर बाहेर बोलायची नाही, एवढी अट. आजी आजोबांपैकी कोणी ससूनला जात असेल तर केसपेपर काढायच्या रांगेत तू उभी राहा, मग ओपीडीची रांग, मग तपासणीची, मग औषधाची. तुझ्या आजीला डॉक्टरांनी किती मिनिटं दिली आणि त्या डॉक्टरांनी त्या दिवशी किती पेशंट बघितले असतील ते बघ. रक्त, उलटी, वास, ओरडणारे नातेवाईक, हे बघून सुद्धा जावंसं वाटलं तर जा. मला स्वतःला वासाचा त्रास पहिलं वर्षभर झाला, नंतर गेला, तेवढ्यावरून काही ठरवू नकोस.

वेळेचाही हिशेब घरी सांगून ठेव. एमबीबीएस साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज असेल तर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड, मग हल्ली सगळ्यांना पीजी लागतं, त्याची परत वेगळी नीट परीक्षा. माझ्या वर्गातले इंजिनिअर झालेले मित्र घरं घेऊन बसले तेव्हा मी हॉस्टेलच्या मेसचं बिल थकवत होतो. हे घाबरवायला नाही, बाबांना माहीत असलं पाहिजे की पंचविशीपर्यंत घरात पैसे येणार नाहीत.

अजून एक, नीट देणाऱ्या बहुतेकांना एमबीबीएस मिळत नाही, वीस लाखांच्या वर मुलं बसतात. बीएएमएस, फिजिओथेरपी यालाही नीटचाच स्कोअर लागतो, ही कामं काय असतात तेही बघून ठेव. फिजिओ आवडणारी मुलगी केवळ लोक काय म्हणतील म्हणून तीन तीन वर्षं रिपीट करत बसलेली माझ्याकडे डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला येते.

---

हडपसर_दहावी_अ

डॉक्टर काका, आजीची बीपीची तपासणी ससूनलाच असते, पुढच्या वेळी मी जाते बरोबर. आई म्हणतेय एवढं सगळं कळलं तर चुलत बहिणीच्या क्लासचे पैसे पण वाचले असते 😅 काकूंना हे दाखवू का नको ते ठरतंय.

शेवटचं, नववीची पुस्तकं मी धाकट्या भावाच्या मित्राला देऊन टाकली. अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतील का आत्ता?

---

पेठेतला_एक

मिळतील, पण एप्रिल मे मध्ये जुन्या पुस्तकाला नव्याचा भाव सांगतात. बालभारतीच्या साइटवर सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, एनसीईआरटीची पण त्यांच्या साइटवर आहेत. हवा तो धडा उतरव, झेरॉक्स काढ. चौकात आलीसच तर दुपारी एक ते चार सोडून ये.